भाजीवर ओलं पोतं, बाईवर काहीच नाही

मे महिन्यात भरदुपारी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात जाऊन पाहा. पालक, सांभार कोमेजू नये म्हणून भाजीवाली त्यावर ओलं पोतं टाकते, अधूनमधून पाणी शिंपडते. स्वतः मात्र डोक्यावर पदर ओढून उन्हात बसते. माल सुकला तर दिवसाचा धंदा बुडतो, हा तिचा हिशेब बरोबर आहे. तिला ऊन लागलं तर काय, हा हिशेब शहराने करायचा असतो.

नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसले आहेत. २०१०च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला. नागपूर महापालिकेने २०१६मध्ये ती वाट धरली. आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, दुपारी उघड्या बागा ही कामं मोलाचीच. पण ‘दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका’ हा सल्ला कोणाला पाळता येतो? ज्याची मजुरी बुडत नाही आणि ज्याचं घर थंड आहे, त्यालाच.

टिनाच्या खोलीत दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. तापलेल्या भिंती रात्री तीच उष्णता आत सोडतात. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन अधिक घातक ठरतं. कूलर आहे, पण त्याला वीज, पाणी आणि हवा बाहेर जायला उघडी खिडकी लागते. एकाच दाराच्या खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. जूनमध्ये हवेत ओल आली की वाळ्याचे तट्टेही हात टेकतात.

म्हणून काम छपरापासून सुरू झालं पाहिजे. पांढरा चुना किंवा परावर्तक रंग ऊन परत फेकतो, खोली काही अंशांनी थंड राहते. तेलंगणाने २०२३मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. महापालिकेने टिनाच्या घरांची वस्तीवार यादी करून गुढीपाडव्याआधी स्वतःच्या खर्चाने हा रंग लावून द्यावा. बाजाराच्या ओट्यांवर हिरवी जाळी आणि प्यायचं पाणी असावं. उन्हाळ्यापुरता बाजार सकाळ-संध्याकाळ भरवावा, वेळ विक्रेत्यांना विचारूनच ठरवावी.

सक्करदऱ्याच्या नागरिकांनो, नगरसेवक दारी आले की रस्ता-नालीबरोबर सावलीही मागा. ऊन टाळता येत नाही. उन्हाने होणारे मृत्यू टाळता येतात.