मौनाच्या अटीवर मदत

वॉशिंग्टनमध्ये सत्तांतर झाले की त्याचा पहिला हादरा पुष्कळदा दूर आफ्रिकेतील एखाद्या कुटुंबनियोजन केंद्राला बसतो. रिपब्लिकन अध्यक्ष आला की एक हुकूम निघतो; डेमोक्रॅटिक अध्यक्ष आला की तो रद्द होतो. रेगन राजवटीने १९८४ मध्ये घातलेली ही अट क्लिंटन यांनी १९९३ मध्ये उठवली, धाकट्या बुश यांनी २००१ मध्ये पुन्हा आणली, ओबामा यांनी २००९ मध्ये काढून टाकली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये व्याप्ती वाढवून लादली, बायडन यांनी २०२१ मध्ये मागे घेतली आणि २४ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी ती पुन्हा लागू केली. लंबक हलतो अमेरिकेत. तोंड बंद होते ते नैरोबीतील वा काठमांडूतील परिचारिकेचे.

ऑगस्ट १९८४ मध्ये मेक्सिको सिटी येथे भरलेल्या लोकसंख्या परिषदेत जाहीर झाल्यामुळे या धोरणाला त्या शहराचे नाव मिळाले. टीकाकार त्याला मुस्कटदाबीचा नियम म्हणतात, आणि तेच नाव अधिक अन्वर्थक आहे. मूळ अट अशी : अमेरिकेकडून कुटुंबनियोजनासाठी मदत घेणाऱ्या परदेशी स्वयंसेवी संस्थेने कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपात करू नये, त्याचा सल्ला देऊ नये आणि त्याविषयीचा कायदा सैल व्हावा म्हणून स्वतःच्या देशातही प्रयत्न करू नयेत. बलात्कार, निषिद्ध नात्यातील संबंध आणि मातेच्या जिवाला धोका एवढेच अपवाद मान्य झाले. २०१७ मध्ये ही अट कुटुंबनियोजनापुरती न ठेवता अमेरिकेच्या जवळजवळ सर्व जागतिक आरोग्य-मदतीला जोडण्यात आली.

हा अमेरिकन करदात्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे, असे धोरणाचे समर्थक म्हणतात. ज्या कृत्याला एखादा मनुष्य पाप मानतो त्यासाठी त्याच्याकडून कर उकळू नये, हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्याची तजवीज अमेरिकन काँग्रेसने १९७३ मध्येच हेल्म्स दुरुस्तीने केली होती. परदेशी मदतीतील एक डॉलरही कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपात करण्यासाठी वापरता येणार नाही, असे ती दुरुस्ती सांगते. मग १९८४ च्या अटीने नवे काय साधले? संस्थेने स्वतः जमवलेल्या किंवा अन्य देशांकडून मिळवलेल्या पैशावरही तिने अमेरिकेचा हुकूम चालवला. दात्याने आपल्या पैशाचा हिशेब मागावा, हे रास्तच आहे. दुसऱ्याच्या पैशाचा आणि त्याच्या जिभेचाही हिशेब मागणे हा निराळा व्यवहार झाला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण दरबारातील भाटाला शोभते; रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला नव्हे.

या अटीने गर्भपात कमी झाले असते तर तिच्या बाजूने निदान फलश्रुती तरी दाखवता आली असती. घडले ते उलटे. आफ्रिकेतील २६ देशांच्या १९९५ ते २०१४ या काळातील माहितीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. बुश यांच्या काळात अट लागू असताना, अमेरिकन मदतीवर अधिक अवलंबून असलेल्या देशांत गर्भपाताचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी वाढले आणि आधुनिक संततिनियमन साधनांचा वापर १४ टक्क्यांनी घटला. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. गोळ्या, निरोध आणि सल्ला हे सारे एकाच संस्थेच्या एकाच छपराखाली मिळते. पैसा थांबला की छप्परच कोसळते. मग नको असलेली गर्भधारणा वाढते आणि तिच्यामागोमाग गर्भपातही. लेसोथोसारख्या एचआयव्हीने ग्रासलेल्या देशातील कुटुंबनियोजन संघटनेला १९९८ ते २००० या काळात अमेरिकेकडून चार लाखांहून अधिक निरोध मिळाले होते. २००१ च्या अटीनंतर तो पुरवठा बंद पडला.

नेपाळची कथा अधिक बोलकी आहे. २००१ मध्ये तेथे गर्भपात हा गुन्हा होता आणि त्यापायी स्त्रिया तुरुंगात खितपत होत्या. हा कायदा बदलावा म्हणून झटणाऱ्या तेथील कुटुंबनियोजन संघटनेने अमेरिकेची अट नाकारली व मदत गमावली. २००२ मध्ये कायदा बदलला. स्वदेशाच्या कायद्याविषयी स्वदेशात बोलण्याची ही किंमत होती. अट मानणाऱ्याला बोलता येत नाही आणि न मानणाऱ्याला काम करता येत नाही, असा हा पेच आहे.

महाराष्ट्राला हा पेच अगदीच अपरिचित नाही. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्वे यांना आपल्या प्रचारापायी प्राध्यापकपद गमवावे लागले. नोकरी आणि जीभ यांतून त्यांनी जीभ निवडली. १९५२ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाची स्थापना मुंबईतच झाली, त्यानेही १९८४ च्या धोरणापुढे मान तुकवली नाही आणि अमेरिकन निधीवर पाणी सोडले.

मात्र भारताच्या अनुभवाला दुसरीही बाजू आहे आणि ती विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साठच्या दशकात हीच अमेरिका उलट दिशेने दडपण आणत होती. अध्यक्ष जॉन्सन यांनी दुष्काळी भारताला धान्य देताना लोकसंख्या आवरण्याचा आग्रह धरला होता. पुढे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या; सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करण्यात महाराष्ट्र विधिमंडळ आघाडीवर होते. ते अंमलात आले नाही, हे सुदैव. बुखारेस्टच्या १९७४ च्या परिषदेत लोकसंख्येला आळा घाला म्हणणाऱ्या अमेरिकेने दहाच वर्षांत मेक्सिको सिटीत लोकसंख्यावाढ ही मूलतः तटस्थ घटना असल्याचे सांगितले. सूर पालटला, वृत्ती पालटली नाही. तेव्हा मूल होऊ देऊ नका असे सांगताना स्त्रीला कोणी विचारले नाही, नंतर गर्भपाताचे नाव काढू नका असे सांगतानाही विचारले नाही.

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या विकास-मदत संस्थेचे स्वतंत्र अस्तित्वच संपले आणि उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. मदतीचा ओघ आटला, तेव्हा अटींची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. बोध नेमका तेथेच आहे. भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाला राष्ट्रीय योजनेत स्थान दिले आणि शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. तो कायदा कोणत्या परक्या निवडणुकीवर अवलंबून नाही. इतर गरीब देशांनाही हाच मार्ग धरावा लागेल. कायद्याने स्त्रीला दिलेल्या हक्कासाठी देशाच्या तिजोरीत तरतूद नसेल, तर तो हक्क दर चार वर्षांनी परक्या मतपेटीत पणाला लागणार. दवाखान्यात शिरलेल्या स्त्रीला तिच्या देशाचा कायदा काय सांगतो हे तिथल्या परिचारिकेने निर्भयपणे सांगावे, एवढीच ही मागणी आहे. त्यासाठी तिला परक्या राष्ट्राध्यक्षाची परवानगी लागू नये.