आजोबांचा वाढदिवस १ जूनच का?

शिक्षक-पालकहो, भोर-वेल्ह्यातच काय, महाराष्ट्रभर कितीतरी आजोबांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते. खरी तारीख माहीत नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी तीच लिहून टाकायचे. म्हणून मुलांना वाढदिवसाचं डिजिटल शुभेच्छापत्र करायला सांगाल, तेव्हा तयार ॲप हाती देऊ नका. आधी आजोबांना विचारू द्या: जन्म कोणत्या सणाच्या आसपासचा? भातलावणी चालू होती की सुगी? ती उत्तरं मुलं नोटपॅडमध्ये साध्या एचटीएमएल पानावर मांडतील. अशी फाईल इंटरनेटशिवायही उघडते, त्यामुळे रेंज नसलेल्या वाडीतही चालते. मात्र फोटो, जन्मतारीख असलेलं पान सगळ्यांना दिसेल असं नेटवर टाकू नका, घरातच दाखवा. कोड काय, उद्याही शिकता येईल. आजोबांना विचारायचं राहून गेलं तर?