कर्णनाद, मेंदूचे चित्रण आणि आपण

चार वर्षांपूर्वी बावन्न वर्षांचे एक शिक्षक, उजव्या कानात रातकिड्यासारखा अखंड नाद येतो म्हणून माझ्याकडे आले. केवळ वातज कर्णनाद असे निदान करून मी बिल्वतैलाचे कर्णपूरण, नस्य आणि अश्वगंधा असा उपक्रम चार महिने चालविला. ‘त्या कानाला फोन लावला की शब्द नीट कळत नाहीत’ हे त्यांचे म्हणणे मी कर्णनादाच्याच पोटात घातले. अखेर श्रवणचाचणी व एम.आर.आय. झाले, तेव्हा श्रवणनाडीवर गाठ निघाली. गाठ घातक नव्हती, शस्त्रक्रियाही सुखरूप पार पडली. परंतु ते चार महिने माझ्या खाती जमा आहेत.

गाठीबरोबर त्या कानाचे ऐकणे गेले. नाद मात्र राहिला.

श्रवणनाडी छेदल्यावरही अनेकांचा नाद टिकतो, हे शल्यतज्ज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. मग हा नाद उपजतो कोठे? १९९८ मध्ये अमेरिकेतील लॉकवुड व सहकाऱ्यांनी, जबडा आवळून स्वतःचा नाद कमी-अधिक करू शकणाऱ्या चार रुग्णांचे पेट स्कॅन केले. नादाबरोबर मेंदूच्या श्रवणकेंद्रातील रक्तप्रवाह एकाच बाजूस बदलत होता; बाहेरून कानात सोडलेला स्वर मात्र दोन्ही बाजू जागवीत होता. भावनांशी निगडित भागांशीही या नादाचा संबंध दिसला.

मनाच्या जोडीविना इंद्रिय विषय ग्रहण करीत नाही, हे आपण प्रथम वर्षापासून शिकतो. तेव्हा हे निष्कर्ष आपल्याला परके वाटू नयेत. तथापि ‘शब्दवह स्रोतस विज्ञानाने सिद्ध झाले’ अशी वाक्ये आपल्या परिषदांतून टाळ्या घेतात, ती मला मान्य नाहीत. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात कर्णनाद व कर्णक्ष्वेड वेगळे सांगितले. चार रुग्णांच्या स्कॅनने तो भेद सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

शिवाय संशोधनाचे चित्रण वेगळे, निदानाचे वेगळे. २०२० मध्ये मेलबर्न येथील संशोधकांनी अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने कर्णनादाचे रुग्ण ओळखण्याचा प्रयत्न केला. यश सुमारे ७८ टक्के, म्हणजे पाचांत एक चुकलाच. एम.आर.आय.चे यंत्र तर स्वतःच एवढा गोंगाट करते की त्यात नादाचा अभ्यास करणे हेच एक दिव्य! नेहमीच्या एम.आर.आय.मध्ये गाठ दिसते, नाद दिसत नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून आलेल्या रुग्णाची व्यथा खोटी मानणे, ही माझ्या चुकीइतकीच मोठी चूक होय.

सरसकट सर्वांचे स्कॅन करणेही तितकेच अनुचित. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्टपणे वर्ज्य ठरवून अपवाद सांगितले आहेत. त्यांच्याच आधारे मी केसपेपरवर चार प्रश्न छापून घेतले. नाद एकाच कानात आहे काय? तो नाडीच्या ठेक्याबरोबर येतो काय? एका कानाचे ऐकणे दुसऱ्यापेक्षा कमी आहे काय? चेहरा बधिर होणे, तोंड वाकडे होणे असे मज्जासंस्थेचे काही लक्षण आहे काय? एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर तैल कोमट करण्यापूर्वी मी चिठ्ठी लिहितो.

शिक्षक अजूनही येतात. नाद आहे, शिरोधारेनंतर झोप लागते, असे ते सांगतात.