टाकीखालचा हिशेब
पैठणचा नाथसागर भरला की त्यात १०२ टीएमसी पाणी असते, तरी छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरच्या टाकीखालच्या घरांत नळ काही दिवसांआडच वाहतो. म्हणजे अडचण धरणापेक्षा वाटेत अधिक आहे. २५०० मिलिमीटर व्यासाची नवी जलवाहिनी ही वाट रुंद करील आणि ती हवीच, पण टाकीपासून नळापर्यंतचे जाळे गळके राहिले तर वाढलेले पाणीही जमिनीतच मुरेल. खंडित पुरवठ्यात नुसती गैरसोय नसते: पाळी संपली की पाइपातला दाब उतरतो, ड्रेनेजचे पाणी फटींतून आत शिरू शकते, पाणी आले की टिल्लू पंप लागतात आणि शेवटच्या गल्लीला धार पोचत नाही. मीटरचे नाव काढले की आधी पाणी येऊ द्या, मोजणी मग, असे लोक म्हणतात. त्यामागची तहान खरी आहे. परंतु टाकीच्या तोंडाशी बसवलेले मीटर कुणाला बिल पाठवत नाही. किती सुटले तेवढे सांगते, आणि सुटलेल्या व पोचलेल्या पाण्यातला फरक कळल्याशिवाय खोदायचे कुठे, हे अभियंत्याला उमगणार कसे? याच शहराला पाणी देणाऱ्या मलिक अंबरच्या जुन्या नहरीला ठिकठिकाणी आत उतरायची तोंडे होती. देखभाल बांधकामातच धरलेली होती. तशीच मोजणीही नव्या जाळ्यात धरावी: प्रत्येक जलकुंभावर मीटर बसवावे आणि त्याचा आकडा दर आठवड्याला वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावावा.