केडगावचा छापखाना

गेल्या आठवड्यात एका व्याख्यानमालेत पंडिता रमाबाईंवरील भाषण ऐकले, आणि खटकलेली गोष्ट बोलून टाकल्यावाचून मला स्वस्थता लाभत नाही हे या सदराच्या नित्य वाचकांना ठाऊकच आहे. वक्ते व्यासंगी होते. शारदा सदन, विधवांची दैन्यावस्था, दुष्काळातून वाचविलेल्या मुली हे सारे त्यांनी तळमळीने मांडले. परंतु बाईंच्या धर्मांतराचा प्रसंग येताच त्यांचा स्वर खाली आला, बाप्तिस्मा एका वाक्यात उरकला गेला आणि बाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचा तर उच्चारही झाला नाही.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ सालची; कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये तिला ‘पंडिता’ ही पदवी दिली, १८८२ मध्ये वैधव्य आले, १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावी मुक्ती सदन उभारून तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

शारदा सदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ साली पुण्यात केवढा गहजब झाला! रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादातील कटुता मला प्रिय नाही. पण त्या काळच्या विरोधकांनी बाईंची श्रद्धा खरी मानली होती, म्हणूनच ते तिच्याशी भांडले. आम्ही मात्र तिचा गौरव करतो आणि जिच्या बळावर तिने हे सर्व केले ती श्रद्धाच तेवढी सौजन्याने वगळतो. हा गौरव मला त्या विरोधाहून अधिक अन्यायाचा वाटतो.

वस्तुतः बाईंचे धर्मशिक्षण तिच्या पूर्वायुष्याहून तुटलेले नव्हतेच. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष पत्करणाऱ्या शास्त्र्याच्या घरी, तीर्थाहून तीर्थाला हिंडत पुराण सांगून उदरनिर्वाह करणाऱ्या कुटुंबात ती वाढली. भागवत तिला बालपणीच मुखोद्गत झाले होते. पुराणिकाच्या या मुलीने केडगावी निरक्षर मुलींसमोर बायबल उघडले तेव्हा ग्रंथ बदलला होता, श्रद्धाही बदलली होती, परंतु ग्रंथ समोर ठेवून अडाण्याला सांगत बसण्याचा वडिलोपार्जित व्यवसाय तोच राहिला होता.

आणि केडगावचा तो छापखाना! भाषणाचा विषय बाजूस राहिला तरी चालेल, पण याविषयी लिहिलेच पाहिजे. उपलब्ध मराठी बायबल खेड्यातल्या बाईला समजत नाही असे दिसल्यावर या संस्कृत पंडितेने, जिला भारदस्त शब्दांची मुळीच वाण नव्हती, जाणीवपूर्वक सोप्या मराठीची वाट धरली. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि शेकडो जिवांच्या अन्नवस्त्राचा कारभार सांभाळीत मूळ ग्रंथावरून भाषांतर चालविले. खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे संस्थेतल्याच मुली करीत. ज्यांना त्यांच्या गावी अक्षर शिकविण्याचेही कोणाच्या मनात आले नसते, अशा दुष्काळपीडित, परित्यक्त, विधवा मुलींच्या हातून एक संपूर्ण धर्मग्रंथ मराठीत छापला जावा, याहून मोठी समाजसुधारणा कोणती, हे त्या वक्त्यांनी मला सांगावे.

१९२१ मध्ये बाईंची एकुलती कन्या आणि उजवा हात, मनोरमा, वारली. त्या आघातानंतरही बाईंनी काम सोडले नाही; हस्तलिखित पुरे केले आणि मगच डोळे मिटले. १९२४ साली तो ग्रंथ समग्र प्रसिद्ध झाला. आमच्या गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे, आणि येत्या एप्रिलात बाईंवर बोलणाऱ्यांनी ते प्रकरण वाचूनच व्यासपीठावर चढावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.