कानोसा, खबर आणि अफवा : १९४५ च्या तलवाड्याविषयी

१/ बहिर्जी नाईकांच्या हेरगिरीविषयी मराठीत आदराने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पाठीशी राजा आणि मोहीम असली, की लपून ऐकण्यालाही पराक्रमाचे तेज चढते. ज्यांच्या पाठीशी कोणीच नव्हते, त्यांनी ऐकलेल्या गोष्टीला मात्र इतिहासलेखनात बहुधा एकच शब्द मिळतो : अफवा.

२/ मराठीत याहून न्याय्य शब्द आहे : कानोसा. 'चोरून ऐकणे' म्हटले की ऐकणारा आधीच गुन्हेगार ठरतो; 'पाळत' म्हटले की ती ठेवणारी सत्ता दिसते. कानोसा घेणारा दाराआड उभा असेल, किंवा रात्री कुत्री का भुंकली याचा अंदाज घेत असेल. शब्द त्याला दोष देत नाही. ज्याला कळणे गरजेचे आहे, पण उघड विचारण्याची सोय नाही, त्याचे ते ऐकणे. (निवडणुकीतला 'मतदारांचा कानोसा' हा याच शब्दाचा अलीकडचा, जरा गुळगुळीत झालेला अवतार.)

३/ २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. ऑक्टोबरात डहाणू भागात गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये.

४/ १० ऑक्टोबरला पाड्यापाड्यांतून निरोप फिरला : तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या. हजारो वारली जमले. निरोप खोटा होता. किसान सभेच्या बाजूच्या वृत्तांतांनुसार तो जमीनदारांच्या माणसांनी पसरवला, आणि त्यांनीच पोलिसांना कळवले की वारली हल्ल्यासाठी जमले आहेत. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले.

५/ हा वृत्तांत मान्य केला, तर एकाच तोंडातून दोन असत्ये निघाली. वारल्यांच्या कानी गेले त्याला आपण अफवा म्हणतो. पोलिसांच्या कानी गेले त्याला खबर. हा भेद सत्यासत्याचा नाही, ऐकणाऱ्याच्या दर्जाचा आहे. वस्तुतः चौकशीची साधने पोलिसांकडे होती. वारल्यांपाशी पडताळणीचा एकच मार्ग होता : स्वतः चालत जाऊन बाई तिथे आहेत का ते पाहणे. तेच त्यांनी केले. त्याला भोळेपणा म्हणणे हे आळशी वाचन आहे.

६/ शामराव परुळेकरांची इंग्रजी पुस्तिका १९४७ ची, गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० चे. पुढच्या वेळी एखाद्या ग्रंथात 'अफवेने जमाव भडकला' असे वाक्य आढळले, तर तलवाड्याची ही दोन असत्ये त्याच्याशेजारी ठेवून पाहावीत.