पादचाऱ्यांचे धोरण आणि पालिकेचे दप्तर

पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र धोरण मंजूर करून, रस्त्यावर पहिला मान पायी चालणाऱ्याचा, हे तत्त्व दप्तरी नोंदविले, तेव्हा अशी दूरदृष्टी दाखविणाऱ्या महापालिका देशात विरळाच होत्या. जंगली महाराज रस्त्यावर त्या धोरणाचे फळही दिसले. पदपथ रुंदावले, बसावयास बाके आली. परंतु तोच पादचारी नदी ओलांडून पेठांत शिरला, की धोरणाचा अंमल संपतो. पदपथाची कड इतकी उंच, की वृद्धास हाताच्या आधाराविना चढता येऊ नये. चढावे तो विजेचा डीपी आडवा. त्यास वळसा घालावा तो फरश्या उखडलेल्या. आणि सिग्नल लागला म्हणजे मागून हॉर्न वाजवीत आलेला दुचाकीस्वार पदपथावरच वाट मागतो. म्हातारा निमूटपणे रस्त्यावर उतरतो. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत जी १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

या दुरवस्थेचे मूळ केवळ पैशाच्या चणचणीत आहे, असे आम्हांस वाटत नाही. उड्डाणपुलास पैसा मिळतो. त्यास कोनशिला बसविता येते, उखडलेल्या फरशीस ती बसविता येत नाही, एवढाच काय तो फरक! पदपथ बांधणारे खाते एक, जलवाहिनीसाठी तो खणणारे दुसरे, अतिक्रमण हटविणारे तिसरे, डीपी महावितरणचा आणि दंडाची पावती पोलिसांची. अशा वाटणीत प्रत्येकाचे दप्तर निर्दोष राहते आणि जबाबदारी तेवढी बेवारस होते. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांस बंद करून पादचारी दिन साजरा होतो, त्यास आमचा आक्षेप नाही. पण १२ तारखेस त्या रस्त्याचा वाली कोण, हे विचारण्याचा नागरिकांस अधिकार आहे.

कायदा आता मोघम राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले १९८-अ कलम सदोष रस्त्यामुळे मृत्यू ओढवल्यास संबंधित यंत्रणेस व ठेकेदारास दंडास पात्र ठरविते; सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सुस्थितीतील पदपथ हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला; आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे वा उघड्या गटारामुळे मृत्यू पावलेल्याच्या वारसांस सहा लाख रुपये भरपाई ठरवून, ती दोषी अधिकारी व ठेकेदार यांजकडून वसूल करण्याची ताकीद दिली.

तेव्हा नव्या धोरणाचा मसुदा कोणी मागू नये. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात पदपथांस जबाबदार असा एकच अभियंता नेमून त्याचे नाव फलकावर लावावे. त्याच्या सहीविना कोणत्याही खात्यास खोदाईची परवानगी मिळू नये. परवान्यावरच पदपथ पूर्ववत करण्याची मुदत लिहावी. आणि ती टळल्यास ठेकेदाराचे बिल, त्याचा वशिला कितीही मोठा असो, अडवून ठेवावे.